चाळीसची नळी

एल्डन मॉवरीने बंदुकीत गोळी ठासली, गज बाहेर काढला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की दारू घालायची राहिली.

नाताळ होऊन दोन दिवस झाले होते. ठासणीच्या बंदुकीने हरणं मारायचा हंगाम त्या सकाळी सुरू झाला होता. डोंगरावर बर्फ, अंगणात बर्फ, आणि मागच्या पायरीवर हा सहासष्ट वर्षांचा माणूस बापाची चकमकीची बंदूक उभी धरून तिच्या तोंडात बघत होता.

"काय झालं?" त्याची बायको आर्डिथ हिने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"दारू राहिली."

"सकाळी साडेसहाला?"

"बंदुकीत, आर्डिथ. आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली गोळी. मी नुसतीच गोळी ठासली."

"आणि हे तू लोकांना शिकवतोस," आर्डिथ म्हणाली आणि आत गेली.

शिकवायचा हे खरं होतं. नवीन शिकाऱ्याला परवाना मिळण्याआधी बारा तासांचा वर्ग करावा लागे, आणि चर्चच्या तळघरातला तो वर्ग सव्वीस वर्षं एल्डनच घेत होता. नळीचा व्यास पंचेचाळीसपेक्षा, म्हणजे इंचाच्या शंभरातल्या पंचेचाळीस भागांपेक्षा, कमी चालणार नाही. गोळी एकच. तीही गोल, शिशाची. लांबट गोळी दिसली तर परवाना गेला म्हणून समजा. हे सगळं तो इतक्या गोडीने सांगायचा, की मुलं घरी जाऊन झोपेत बडबडायची.

एल्डनने गजाच्या टोकाला स्क्रू लावला, तो गोळीत फिरवला आणि ओढला. गज बाहेर आला. स्क्रू आतच राहिला.

आता नळीत गोळी होती, गोळीत स्क्रू होता, आणि एल्डनच्या हातात नुसती काठी होती.

"लोवेलकडे जा," आर्डिथ म्हणाली.

"नको."

"जुन्या बंदुका दुरुस्त करणारा दुसरा कोण आहे इथे?"

लोवेल आर्डिथचा धाकटा भाऊ. ओढ्यापलीकडे राहायचा. अकरा वर्षांत तो एल्डनशी एक शब्दही बोलला नव्हता. कारण असं, की चर्चमध्ये धिरड्यांची न्याहारी चालू असताना एल्डन शेजारच्या माणसाला नियम समजावत होता. नमुना म्हणून त्याने एक लांबट गोळी वर धरली आणि म्हणाला, "ही बघा, ही चालत नाही." शेजारचा माणूस म्हणजे त्या वेळचा वॉर्डन, शिकाऱ्यांवर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी होता. त्याने विचारलं, "कुठे मिळाली?" एल्डनने खरं ते सांगितलं. "लोवेलच्या कोटाच्या खिशात."

लोवेलचं दहा फाट्यांच्या शिंगांचं हरीण जप्त झालं आणि वर्षभराचा परवाना गेला.

"मी फोन केलाय," आर्डिथ म्हणाली. "ये म्हणाला."

लोवेल शेडमध्ये शेगडीशेजारी बसला होता. त्याने बंदूक घेतली, नळीत गज घालून बघितला, आणि अकरा वर्षांनी तोंड उघडलं.

"दारू विसरलात काय, मास्तर?"

एल्डनने मान हलवली. पूर्वी लोवेल त्याला नावाने हाक मारायचा. हे 'मास्तर' आणि 'अहोजाहो' नवीन होतं, आणि ते मान देण्यासाठी नव्हतं.

लोवेलने नळीच्या बुडाशी ठिणगी आत जायचं जे भोक असतं, तिथे ट्रॅक्टरला ग्रीस घालायचा पंप जोडला आणि दांडा मारायला लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग बंदुकीच्या तोंडातून आधी स्क्रू डोकावला, मागोमाग गोळी आली, आणि तिच्यामागे हातभर ग्रीसची वळवळती वात टेबलावर पडली.

"झालं," एल्डन म्हणाला. "आभारी आहे." आणि त्याने हात पुढे केला.

लोवेलने बंदूक दिली नाही. गोळी पुसून तो ती बोटांत फिरवत होता. मग त्याने खणातून व्हर्नियर काढला, गोळी मापली, नळीचं तोंड पुसून तेही मापलं. पुन्हा मापलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मापलं.

"मास्तर, ही बंदूक कितीची?"

"पंचेचाळीसची."

"कोण म्हणतं?"

"बाबा म्हणायचे."

"तुमचे बाबा वीतभर मासा हातभर सांगायचे." त्याने व्हर्नियर एल्डनसमोर धरला. "चाळीस."

एल्डनने स्वतः मापून बघितलं. चाळीसच भरली. गोळ्या तो बापाच्याच साच्यात ओतायचा, त्या नळीत नीट बसायच्या, त्यामुळे मापायची वेळ कधी आलीच नव्हती. तो स्टुलावर बसला.

"एकतीस हंगाम," तो म्हणाला. "एकतीस हंगाम मी बेकायदा शिकार करतोय."

"असं दिसतंय खरं."

"तू वॉर्डनला सांग, लोवेल. तुझा हक्क आहे."

लोवेलने शेगडीत लाकूड सारलं. "मी कशाला सांगू? मी काही बघितलंच नाही."

"तू आत्ता मापलंस."

"माझी नजर कमजोर झालीय."

यासारखी शिक्षा दुसरी नव्हती. एल्डन घरी आला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. समोर हरणाच्या मांसाचा रस्सा होता. लोवेल दरवर्षी मारायचा आणि बहिणीला अर्धं द्यायचा, त्यातला. एल्डनने चमचा खाली ठेवला.

"मग तूच जा ना वॉर्डनकडे, कॅसीकडे," सगळं ऐकून आर्डिथ म्हणाली. "मला रस्सा पुन्हा गरम करायला लावू नकोस."

तो बाहेर आला तर लोवेलची गाडी अंगणात उभी होती, इंजिन चालू.

"बसा," लोवेल म्हणाला. "साक्षीदार लागेल."

वॉर्डन कॅसी ट्रॉक्सेल तीस वर्षांची होती. बाराव्या वर्षी तिने नियम शिकले ते एल्डनच्याच वर्गात. तो टोपी हातात घेऊन उभाच राहिला आणि सगळं एका दमात बोलून गेला. कॅसीने पेन खाली ठेवलं.

"सर, या बंदुकीने आजवर किती हरणं मारलीत?"

एल्डनने टोपीकडे बघितलं. बाहेर एक गाडी बर्फ ढकलत गेली.

"एकही नाही," लोवेल म्हणाला.

"एकही?"

"एकतीस वर्षांत एक पाण्याची टाकी. तीही उभी होती, पळत नव्हती."

एल्डनचे कान लाल झाले. कॅसी खिडकीकडे वळली आणि थोडा वेळ तिकडेच बघत राहिली.

"मग सर, हरीण मेलंच नाही, तर तक्रार कसली?"

"कॅसी," एल्डन हळूच म्हणाला, "कलम तीन. 'मारणे किंवा मारण्याचा प्रयत्न करणे.' तुझ्याकडून मी ते पाठ करून घेतलं होतं."

लोवेलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "पोरगी सोडतेय तुम्हाला, मास्तर."

"पण शब्द तिथे आहे."

कॅसीने लेखी ताकीद लिहिली. ही बंदूक भिंतीवर राहील, हरणांवर रोखली जाणार नाही. एल्डनने कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली, आणि सही केली.

परतताना ओढ्याच्या पुलावर आल्यावर लोवेलने रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "मला वाटलं होतं, तुम्ही फक्त दुसऱ्यांना धरता."

"तुझ्या त्या हरणाचं मला वाईट वाटतं, लोवेल. तेव्हाही वाटलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू दार लावून घेतलंस."

लोवेलने गाडी हळू केली. "हंगाम शनिवारपर्यंत आहे. माझ्याकडे एक जादा चकमकीची आहे. पन्नासची."

"मापलीस?"

लोवेलने कोटाच्या खिशातून व्हर्नियर काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

शुक्रवारी सकाळी दोघं चेस्टनट रिजच्या उतारावर एका पडलेल्या ओकच्या आड बसले. दहाच्या सुमाराला खालच्या झुडपांतून एक मादी वर आली आणि चाळीस पावलांवर थांबली. एल्डनने नेम धरला. चकमक पडली, ठिणगी उडाली, बार झाला, आणि समोर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसेना.

"गेली ना?" एल्डनने विचारलं. त्याला तेच वाक्य सवयीचं होतं.

"पडली," लोवेल म्हणाला.

"कुठे?"

"जिथे उभी होती तिथेच."

एल्डन खाली चालत गेला. काही पावलं अलीकडे थांबला आणि टोपी काढली. मग त्याने परवान्याची चिठ्ठी काढली, तारीख, वेळ, ठिकाण सुवाच्य अक्षरांत लिहिलं आणि ती हरणाच्या कानाला बांधली. मग चाकू काढला. चाकू हातात घेऊन तो नुसताच उभा राहिला.

"आता काय?" लोवेलने विचारलं.

"लोवेल, पहिला काप कुठून घ्यायचा?"

लोवेल त्याच्याकडे बघत राहिला. "सव्वीस वर्षं शिकवतोयस तू."

"ते पान चौसष्ट. ते मी घरी वाचायला द्यायचो."

लोवेल आधी एका हाताने झाडाला टेकला, मग बर्फातच बसला. हसता हसता त्याला खोकला आला. एल्डनने त्याची पाठ चोळली. शेवटी डोळे पुसून लोवेल गुडघ्यांवर आला, बाह्या वर केल्या आणि चाकू मागून घेतला.

"पाय धर, एल्डन. आणि हे बघ, मी इथे एखादा नियम मोडत असेन, तर घरी पोचेपर्यंत तोंड मिटून ठेव."

एल्डनने पाय धरला. त्याची नजर लोवेलच्या हातांवरून त्याच्या जाकिटावर गेली आणि तिथेच थांबली. दुसऱ्या शिकाऱ्यांना माणूस लांबून दिसावा म्हणून अंगावर भडक नारिंगी रंग किती असावा याचाही नियम होता, आणि लोवेलच्या जाकिटावर तो कमी पडत होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?" लोवेलने वर न बघता विचारलं.

"काही नाही."

"बोल."

"जाकीट छान आहे," एल्डन म्हणाला, आणि आपल्या गळ्यातला नारिंगी रुमाल सोडून त्याने लोवेलच्या खांद्यावर टाकला.