उणे बावीसला गोळी कुठे पडते

आमच्या नायगावच्या चाळीतले परबकाका जिन्यात भेटले की 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाहीत. 'तिकडे उणे बावीस,' असं सांगतात. आपण घामाघूम होऊन तिसरा मजला चढत असतो.

तिकडे म्हणजे कॅनडात. त्यांचा एकुलता एक मुलगा निलेश बारा वर्षं तिथल्या एका बर्फाळ गावात आहे. परवाना काढून हरणाची शिकार करतो आणि रायफलची काडतुसं घरी स्वतः भरतो. काका पोलिसांत आर्मरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. त्यांनी आयुष्यात उंदीरही मारला नाही, पण काडतुसातल्या पावडरीवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याने खुर्ची मागवावी.

"पावडर गरमीत चढते, थंडीत पडते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उन्हात तापलेलं काडतूस जोरात सुटतं, गोळी वर लागते. गारठलेल्याची गोळी खाली जाते. हा नियम ते कशालाही लावतात. पुनर्विकासाची मीटिंग मे महिन्यात ठेवली तेव्हा त्यांनी लेखी हरकत घेतली: 'प्रेशर वाढेल.' वाढलं. दोन खुर्च्या मोडल्या.

नोकरीत असताना त्यांनी याचा प्रयोगही केला होता. मुंबईत थंडी आणायची कुठून? म्हणून काही काडतुसं पत्र्यावर तापवली आणि काही ओळखीच्या कोळणीच्या बर्फाच्या पेटीत दिवसभर ठेवली. मग सरावाच्या मैदानावर दोन्ही झाडून पाहिली. बर्फातली चार बोटं खाली लागली. निष्कर्ष अगदी बरोबर होता, फक्त आठवडाभर साहेबांच्या रायफलीला बांगड्याचा वास येत राहिला. काकांना मेमो मिळाला. "सायन्सची कदर नाय आपल्याकडे," असं ते अजून म्हणतात.

दर रविवारी संध्याकाळी आठला निलेशचा फोन येतो. काका स्पीकर लावून गॅलरीत बसतात, त्यामुळे तो आम्हा सगळ्यांनाच येतो. काकी होत्या तेव्हा 'जेवलास का, लग्न कधी करतोस' हे खातं त्यांच्याकडे होतं. त्या गेल्या आणि बापलेकांत बोलायला फक्त पावडर उरली. तापमान किती, गोळी किती खाली गेली, काकांचा सल्ला, 'चल, ठेवतो.' मी हसायचो. पण त्या चार मिनिटांसाठी काका दुपारीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसतात, हे माझ्या बायकोने दाखवून दिल्यावर हसणं बंद झालं.

गेल्या महिन्यात निलेश म्हणाला, "बाबा, नवीन पावडर मिळाली. हिला थंडी-गरमीचा काही फरकच पडत नाही. आता दर वेळी तुम्हाला त्रास नको."

"वा! चांगलं झालं," काका म्हणाले. मग लगेच 'चल, ठेवतो,' आणि फोन संपला.

तो आठवडा त्यांनी जिन्यात कोणाला काही सांगितलं नाही. शेवटी मीच विचारलं, "काका, तिकडे किती?"

"काय करायचंय आता? गोळी सरळ जाते." जरा थांबून म्हणाले, "रविवारी कशाला करेल तो फोन? विचारायचं काय त्याने?"

मला वाईट वाटलं, इतकंच.

रविवारी मी पेपर घेऊन मुद्दाम गॅलरीत बसलो. आठ वाजले. आठ पाच झाले. आणि फोन वाजला.

"हॅलो बाबा."

"हं."

आता 'ठेवतो' येणार म्हणून मी पेपरात तोंड घातलं. काकांनी घसा खाकरला. मुलगा इंग्रजी शाळेत गेल्यापासून ते त्याच्याशी मालवणीत बोलत नसत. मालवणी फक्त काकींशी.

"निलू," ते म्हणाले, "तुका थंडी वाजता काय रे?"

तिकडून तो चाळिशी ओलांडलेला माणूस अगदी हळू म्हणाला, "वाजता बाबा. खूप वाजता."