बदलापुरातलं वाढीव गुरुत्वाकर्षण

"पाठ केलेलं नको. समजलेलं सांग," श्यामकांत कर्णिक लेकीला म्हणाले आणि नीलिमा अडली. कारण नेमकं तेवढंच तिला येत नव्हतं. लंबकाच्या झोक्यांवरून जी कसा काढायचा, म्हणजे पृथ्वी आपल्याला केवढ्या जोराने ओढते ते कसं मोजायचं, याची दीड पानाची कृती ती झोपेतही म्हणून दाखवू शकली असती. पण मध्येच कोणी "का?" विचारलं की गाडी बंद. उल्हासनगरच्या तिच्या कॉलेजात पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेला हेच झालं होतं. आता उद्या, सोमवारी, वार्षिक प्रॅक्टिकल. त्यात गेली की एफ.वाय.चं अख्खं वर्ष गेलं.

श्यामकांत अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्स ऑफिसर होते. स्वतः मोजल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नसे. लग्नात त्यांनी अंतरपाटाची लांबी मोजली होती, असं त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई सांगत, आणि हे सांगताना त्या हसत नसत.

"लंबक म्हणजे काय? टांगलेली, झुलणारी वस्तू. मग ती घरात आहेच की!" श्यामकांतांनी गॅलरीतल्या झोपाळ्याकडे बोट केलं. जाड सागवानी फळी आणि चार नायलॉनच्या दोऱ्या. त्यांनी टेप लावली. कडीपासून फळीपर्यंत बरोबर दोन मीटर. तिसऱ्या मजल्यावरचे शंकरराव सोनावणे सोसायटीचे सेक्रेटरी आणि कबड्डीचे पंच, त्यामुळे त्यांच्याकडे स्टॉपवॉच होतं. ते स्टॉपवॉचसकट हजर झाले. श्यामकांतांनी फळी मागे ओढली.

"श्याम!" आतून माईंचा, म्हणजे त्यांच्या आईचा आवाज आला. "रिकामा झोपाळा हलवायचा नाही हं."

"माई, हा प्रयोग आहे."

"असू दे. उद्या पोरीची परीक्षा आणि आज अपशकुन? मी घरात असेपर्यंत नाही."

पृथ्वीशी दोन हात करायला निघालेले श्यामकांत माईंपुढे मात्र कधीच उभे राहिले नव्हते. त्यांनी कुमुदिनीबाईंना बोलावलं. मेथीची जुडी घेऊन त्या मांडी घालून फळीवर बसल्या. शंकररावांनी स्टॉपवॉच दाबलं. वीस झोके, त्रेपन्न सेकंद. नीलिमाने सूत्रात आकडे घातले आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, अकरा पूर्णांक दोन येतंय. नऊ पूर्णांक आठ यायला हवं."

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक बदलापुरात छापलंय का? नाही ना? मग?" श्यामकांतांचे डोळे चमकले. "मोजलंय ते खरं! इथे ओढ जास्त आहे!"

नीलिमा काही बोलणार, एवढ्यात कुमुदिनीबाई झोपाळ्यावरूनच ओरडल्या, "अहो, थांबा! आठ वर्षांपूर्वी ठाण्याला असताना माझं वजन चौपन्न होतं. इथे आल्यावर स्टेशनवरच्या काट्यावर बासष्ट! मी कधीपासून सांगतेय, मी काही जास्त खात नाही!"

श्यामकांतांनी नीलिमाच्या हातातली पेन्सिल हिसकावली. चौपन्न गुणिले अकरा पूर्णांक दोन, भागिले नऊ पूर्णांक आठ. उत्तर आलं एकसष्ट पूर्णांक सात.

कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आठ वर्षांचा कलंक धुऊन निघाला होता.

"कर्णिकसाहेब," शंकरराव हळूच म्हणाले, "म्हणूनच आपल्याकडे तिसऱ्या माळ्यावर पाणी चढत नाय! मी च्यायला उगाच पंपाला शिव्या घालतो. पाणीखात्याला अर्ज टाकू. एकदम सायंटिफिक!"

अर्ध्या तासात अर्ज तयार झाला. 'बदलापुरातील वाढीव गुरुत्वाकर्षण विचारात घेऊन आमच्या सोसायटीस जास्त दाबाने पाणी सोडावे.' शंकरराव जिन्याने सह्या गोळा करत फिरले. बातमी त्यांच्याही पुढे धावली. कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाचं पीठ फुगत नव्हतं, सगळ्याचं कारण आज सापडलं. चामटोलीहून भाजी घेऊन येणारी गयाबाई पाटी उतरवून दारातच बसली.

"आवो सायेब, मंग माज्या तराजूचं काय? मी काय लोकांना फसवतंय का?"

"नाही गं गयाबाई," नीलिमा म्हणाली, "तराजूत वजनंपण तेवढीच जड होतात. तुझं माप बरोबर."

हे ती पुस्तकात न बघता बोलली होती. बोलल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

"अर्जाला एका मापाचा आधार पुरत नाही," श्यामकांतांनी हुकूम सोडला. "शंकरराव, बसा." सहा फुटी शंकरराव ताठ बसले. अकरा पूर्णांक सहा! टाळ्या पडल्या. मग माईंना बसवलं. चार फूट दहा इंच, त्यात पाठीला पोक. दहा पूर्णांक आठ.

"माईंना पृथ्वी जरा सांभाळून घेते वाटतं," शंकरराव म्हणाले.

नीलिमा मात्र तीन आकड्यांकडे टक लावून बघत राहिली. माई, आई, शंकररावकाका. मग ती अशी किंचाळली की गयाबाईच्या हातातला दुधी पडला.

"बाबा! उंचीप्रमाणे वाढतंय! माणूस बसला की वजनाचा मध्य फळीवर राहत नाही, वर पोटाशी जातो. लंबकाची लांबी तिथपर्यंतच, म्हणजे कमी! आपण मोजली फळीपर्यंत! लांबीच चुकली, पृथ्वी नाही!"

"सिद्ध कर," श्यामकांत म्हणाले.

"रिकामा हलवून बघू."

सगळ्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी मान हलवली ती आडवी. आता काय करावं? नीलिमाला एवढं लख्ख कधीच दिसलं नव्हतं आणि ते दाखवायची सोय नव्हती. ती रडायच्या बेतात होती.

"माई," गयाबाई दुधी पुसत म्हणाली, "तुमचा बाळकिस्न बसवा ना त्याच्यात. मंग झोपाला रिकामा कुटं ऱ्हायला?"

माईंना हे पटलं. देवघरातला बोटभर बाळकृष्ण फळीच्या मधोमध आला. माईंनी हळद-कुंकू वाहिलं. वीस झोके, छप्पन्न पूर्णांक आठ सेकंद. नीलिमाने गणित केलं आणि कागद सगळ्यांसमोर धरला. नऊ पूर्णांक आठ!

"देव बसला म्हणून बरोबर आलं," माई म्हणाल्या.

श्यामकांतांनी लेकीच्या पाठीवर जोरात थाप मारली. शंकररावांनी सतरा सह्यांचा अर्ज घडी करून खिशात घातला. कुमुदिनीबाई मेथी आणि कलंक, दोन्ही उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नीलिमाला चिठ्ठीत लंबकच आला. तिने गोळा टांगला, लाकडी मीटरपट्टीने लांबी बरोबर शंभर सेंटिमीटर घेतली, वेळ मोजली. जी आला दहा पूर्णांक तीन. नुकताच हाच प्रयोग संपवलेली शेजारची अंजनी कुजबुजली, "ए, नऊ पॉइंट आठ टाक ना सीधा. सगळे तेच टाकतात."

तिच्या आधी याच पट्टीने हा प्रयोग केलेल्या अकराही जणांनी खरंच तेच टाकलं होतं. समोरच्या भिंतीवर चौकटीत नमुन्याचं निरीक्षण लटकत होतं, त्यातही नऊ पूर्णांक आठच. वर्ष जाणार होतं. पण कालची गॅलरी डोळ्यांपुढे आली. पृथ्वी चुकत नाही, लांबी चुकते. तिने मीटरपट्टी उचलून पहिल्यांदाच सुरुवातीकडून नीट पाहिली. पट्टीचं टोक तुटलं होतं, आणि तुटलेली कडा वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झाली होती. ती शून्यापासून नव्हे, पाचापासून सुरू होत होती.

बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई टेबलाशी थांबल्या. "दहा पूर्णांक तीन? का?"

तोच तो "का?" पण या वेळी गाडी सुसाट सुटली. "बाई, पट्टी पाच सेंटिमीटर तुटलीय. माझी लांबी पंच्याण्णव आहे, शंभर नाही. आता पुन्हा काढते." तिने तिथल्या तिथे काढून दाखवलं. नऊ पूर्णांक आठ.

बाईंनी तिच्या कागदावर चाळीसपैकी अडतीस लिहिले. मग बाकीच्या अकरा जणांचे कागद पंख्यासारखे हातात पसरले.

"या पट्टीने यांना आधीच नऊ पूर्णांक आठ कसं आलं? हे सगळे पुन्हा करतील."

"बिलकुल, मॅडम, बिलकुल!" प्रयोगशाळेचे प्रमुख लुल्ला सर कडाडले. "आजकलचे पोरं! मेहनत नको, सगळी कॉपी! चला, लाइनमध्ये उभे राहा!"

बाईंनी भिंतीवरची चौकट खाली उतरवली. काच पदराने पुसली आणि मोठ्याने वाचलं, "पट्टी क्रमांक चार. लांबी शंभर सेंटिमीटर. जी, नऊ पूर्णांक आठ." मग त्यांनी नीलिमाच्या हातातली पट्टी उलटून बघितली. मागे तांबड्या रंगात चार लिहिलेलं होतं. "पट्टी तेव्हा धड असेल म्हणावं, तर तारीख गेल्याच आठवड्यातली आहे. आणि खाली सही… लुल्ला?"

सरांनी कोटाचं बटण लावलं. मग टेबलावरचं स्टॉपवॉच घेऊन ते अंजनीच्या मागे, बारावे, रांगेत जाऊन उभे राहिले.