खंडेनवमीचं पिस्तूल

शनिवारी सकाळी प्रदीपनं कपाटाचं कुलूप काढलं, पिस्तुलाची पेटी जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली आणि तो आंघोळीला गेला. चूक म्हणावी तर एवढीच.

पिस्तूल साधंसुधं नव्हतं. हवेच्या दाबावर चालणारं, स्पर्धेचं, कायद्यात बसणारे उत्तमोत्तम भाग एकेक जमवून जुळवलेलं. ट्रिगर एका गावचा, नेम धरायची साइट दुसऱ्या गावची आणि अक्रोडाची मूठ तर हॅनोव्हरच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं प्रदीपच्या पंजाचा साचा मागवून कोरलेली. आठ महिने हा गृहस्थ ऑफिसातून आला की स्क्रू पिळत बसायचा, पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. त्याच्या बायकोनं, नीलिमानं, त्याला काही विचारायचंच सोडलं होतं, कारण उत्तर कायम "हं" असं यायचं.

हा खटाटोप कशासाठी, तर जर्मनीत वाल्डॉर्फजवळच्या एका गावात सहा वर्षं राहूनही लोक त्याच्याशी नमस्कारापलीकडे बोलत नव्हते. नेमबाजीच्या क्लबच्या संघात एक जागा रिकामी झाली होती. संघातली मंडळी दर शुक्रवारी एका टेबलाशी बसून एकमेकांना अरेतुरे करत. प्रदीपला त्या टेबलाशी खुर्ची हवी होती, आणि निवड आज दहा वाजता होती.

तो अंग पुसत बाहेर आला तेव्हा मिरजेहून आलेली त्याची आई, सुनेत्राबाई, टेबलापुढे हात जोडून उभी होती. आज खंडेनवमी. पिस्तुलाला हळदकुंकू लागलं होतं, मुठीवर बाल्कनीतला झेंडू विसावला होता आणि अक्षता सढळ हातानं पडल्या होत्या.

"आई, अगं हे काय केलंस?"

"घरात शस्त्र आहे आणि नवमीला पूजा नको? तुझ्या लॅपटॉपचीही केली."

वाद घालायला वेळ नव्हता. प्रदीपनं पिस्तूल घाईघाईनं पुसलं, नीलिमानं गाडी काढली आणि आई न विचारताच मागे बसली.

क्लबचे प्रमुख क्रेमर म्हणजे निवृत्त अवजार-कारागीर, चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. पिस्तूल रिकामं आहे हे पाहायला त्यांनी नळीतून नेहमीची पातळ दोरी घातली. ती अर्ध्यातच अडली. त्यांनी दुसऱ्या बाजूनं हलकेच ढोसलं, तसा पिवळाधमक तांदळाचा दाणा टेबलावर पडला. क्रेमरनी भिंग काढलं. मग त्यांना मुठीवरचा लाल डाग दिसला आणि हाताला लागलंय का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. मागे रांग वाढत होती.

प्रदीपनं आपल्या ऑफिसी जर्मनमध्ये सगळं सांगितलं. ज्या अवजारांवर आपण जगतो त्यांना वर्षातून एकदा हात जोडतात, शस्त्रांनाही. क्रेमर चष्मा काढून ऐकत राहिले.

"आणि पूजा झाल्यावर? काय नियम आहे?"

इथे एक थाप मारली असती तर भागलं असतं. पण शेजारी आई उभी होती, आणि जर्मन कळत नसलं तरी तिच्यासमोर खोटं बोलवेना. प्रदीप पुटपुटला, "त्या दिवशी वापरायचं नाही. त्याला विश्रांती."

"आल्झो, मग झालं तर," क्रेमर म्हणाले, "नियम म्हणजे नियम." त्यांनी पेटी आदरानं बंद करून क्लबच्या कपाटात ठेवली आणि नवशिक्यांचं जुनं पिस्तूल प्रदीपच्या हाती दिलं. त्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि स्क्रू सगळे गंजून बसलेले.

प्रदीपचा जीव अर्धा झाला. पहिल्या चार गोळ्या भलतीकडे गेल्या. सवयीनं बोटं स्क्रूकडे वळली, पण तिथे काही हलेना. मग करण्यासारखं एकच काम उरलं, नीट बघून नेम धरायचं. दहाव्या गोळीला हात स्थिर झाला. शेवटची, चाळिसावी गोळी सुटली तेव्हा सहा उमेदवारांत तो एका गुणानं पुढे होता.

क्रेमरनी हात पुढे केला. "होर्स्ट," त्यांनी आपलं पहिलं नाव सांगितलं. "आता अहोजाहो पुरे. शुक्रवारी सातला ये."

आईनं विचारलं तेव्हा प्रदीपनं सांगितलं, की संघात घेतलं.

"या मोडक्या पिस्तुलावर?"

"हो."

"मग आठ महिने तू काय करत होतास रे?"

नीलिमा क्लबच्या खिडकीबाहेर बघून हसायला लागली. प्रदीपचं लक्षच नव्हतं. तो त्या जुन्या पिस्तुलाची चिकटपट्टी सोडवत, याला अक्रोडाची मूठ बसेल की नाही ते चाचपत होता.