वाघमारेंना पसंत पडेल अशी लॅब

आमच्या दूध संघाच्या चेअरमनचा वाढदिवस होता. केंद्रावर मंडप, हार, पेढे असा सगळा थाट. भाषणं रंगात आलेली असताना आमचे कॉम्प्रेसर ऑपरेटर वाघमारे मंचावर चढले, खिशातून चेअरमनसाहेबांचा एक रंगीत फोटो काढला आणि सरळ त्यांच्या गालाशी नेऊन धरला. एकदा गालाकडं पाहिलं, एकदा फोटोकडं. मग मान हलवून म्हणाले, "रंग खोटा हाय. सायेब इतके गोरे न्हाईत." माईक चालू होता. चेअरमनसाहेब पुढं आठवडाभर केंद्रावर फिरकले नाहीत, त्यामुळं आमचा तेवढा आठवडा बरा गेला.

हे केंद्र म्हणजे उमापूरच्या रस्त्याला असलेलं दूध थंड करायचं केंद्र. मी तिथं दुधाची फॅट मोजायचो आणि वाघमारे थंडाव्याचं यंत्र चालवायचे. त्या काळी आमच्या भागात रंगीत रोल धुणारं कोणी नव्हतं. रोल डबीत घालायचा, डबी कापडात शिवायची आणि पोस्टानं पुण्या-मुंबईच्या नाहीतर हैदराबादच्या लॅबला धाडायची. पंधरा-वीस दिवसांनी फोटो यायचे. मासिकांच्या मागच्या पानावर या लॅबच्या जाहिराती असत. कोणी अल्बम फुकट देई, कोणी एक मोठा फोटो. लोक अल्बम बघून लॅब ठरवत. वाघमारे अशा लॅबला दारात उभं करत नसत. "फुकट अल्बम कावून देतो बे तो? रंगाची खात्री न्हाई म्हणून," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची परीक्षा ठरलेली. नवी लॅब कळली की एक रोल काढायचा. त्यात केंद्राचा निळा पिंप, दारातला लिंब, चेअरमनसाहेब सापडले तर चेअरमनसाहेब, आणि मी, माझ्या चॉकलेटी शर्टात. फोटो आले की एकेक फोटो घेऊन ज्याच्या त्याच्यापाशी जायचं आणि ताडून बघायचं. माझा तो शर्ट विरून कोपरातून गेला, तरी त्यांनी मला तो टाकू दिला नाही. म्हणाले, "जोगदंड, तू शर्ट बदललास तर मी लॅब कशी तपासू?" बायकोनं त्याचं फडकं करायला घेतलं तेव्हा मी तिच्या हातून तो ओढून आणला. लग्न झालेल्या माणसानं हे करू नये, पण केलं.

बहुतेक लॅबा पहिल्याच फेरीत बाद झाल्या. एकीनं सगळ्यांना गोरं केलं. एकीनं लिंब असा हिरवागार केला की तो लिंब आमचा आहे हे लिंबालाही पटलं नसतं. एकीनं तर भलत्याच कुणाचं लग्न पाठवून दिलं. वाघमारेंनी ते फोटो उन्हात धरून बघितले आणि हळहळले. "रंग लई खरा वाटतोय रे. पण ही नवरी कुठं गाठू तपासायला?" मग स्वतःच म्हणाले, "आन् जी लॅब रोलांची अदलाबदल करती, तिच्या हाती माझा रोल न्हाई देणार."

वाघमारेंचा हा 'माझा रोल' म्हणजे कोणता, हे केंद्रावर सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यानं खराब होऊ नये म्हणून तो थंड खोलीत वरच्या फळीवर होता, स्टीलच्या डब्यात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. त्यात करुणा होती. वाघमारेंची एकुलती एक लेक. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, मेव्हण्याचा कॅमेरा मागून आणून त्यांनी तिचे फोटो काढले होते, नव्या फ्रॉकमध्ये. रोल संपायचा राहिला. त्याच उन्हाळ्यात गावात हगवण-उलट्यांची साथ आली आणि पोर गेली. नवा फ्रॉक तिच्या अंगावरच गेला. पुढं मेव्हण्याच्या लग्नाचा रोल एका लॅबमधून कोरा परत आला, आणि वाघमारेंनी धसकाच घेतला.

पण नुसता कोरा यायची भीती नव्हती. खरं भांडण रंगाचं होतं. मी त्यांच्या घरी जेवायला जायचो तेव्हा ते कितीदा तरी ऐकलं. भाकरी ताटात पडली की वाघमारे कुठून तरी त्या फ्रॉकवर यायचे.

"निळा फ्रॉक व्हता. जयंतीला आपण दुसरा कावून घेऊ?"

चुलीपासून शांतावहिनी म्हणायच्या, "हिरवा. निळा संपलता दुकानात. मीच आणला, मला ठावं न्हाई का?"

"तुला रंगातलं काय कळतंय?"

"आन् तुमाला लेकरातलं काय कळतं व्हतं?"

एवढं झालं की वहिनी पुढची भाकरी थापायला घ्यायच्या. मी खाली मान घालून जेवायचो. एकदा बाहेर आल्यावर वाघमारे मला म्हणाले, "मला सपनात ती दिसती, पण फ्रॉक दिसंना गेलाय. आता लॅबवाल्यानं खोटा रंग धाडला आन् तोच डोळ्यात बसला, तर माझी खरी पोर मी कुठून आणू?" मी खिसे चाचपले. बिडी दिली.

मग पाऊस सलग दुसऱ्यांदा हुकला. सकाळी कॅनांची रांग रस्त्यापर्यंत जायची, ती पायरीवर आली. चारा छावणीच्या मागणीला जोडायला म्हणून चेअरमनसाहेबांनी करपलेल्या रानांचे फोटो काढवले आणि स्वतःच्या पसंतीच्या लॅबकडं पाठवले. फोटो हिरवट होऊन आले. तालुक्याच्या साहेबानं ते बघून विचारलं, "चारा तर दिसतोय की." छावणी लांबली. तोवर लोकांनी जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात उभी केली. आता वाघमारेंचं खरं होतं हे सगळ्यांनाच कळत होतं. कोणाला हसू आलं नाही.

शेवटी दूध इतकं कमी झालं की यंत्र चालवण्यात अर्थ उरला नाही. तरी वाघमारे ते चालवत. त्या महिन्यात ते दुधापेक्षा करुणासाठीच जास्त चाललं, आणि केंद्रावर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पण यंत्र निववायलाही पाणी लागतं. विहीर आटली, टँकर गावाला पुरेना, आणि एका दुपारी वाघमारेंनी स्वतःच्या हातानं बटण बंद केलं. थंड खोलीचं दार उघडून ते आत उभे राहिले. बाहेरची झळ आत शिरत होती.

"आता ठेवून जमायचं न्हाई," ते म्हणाले. "धाडावा लागंल."

फॅटच्या टेबलावर त्यांनी सगळ्या लॅबांचे फोटो मांडले. जो तो मुंबईची मोठी लॅब सांगत होता. वाघमारेंनी हैदराबादची निवडली. मी चक्रावलो, कारण त्या लॅबनं त्यांचा परीक्षेचा रोल पार बिघडवला होता.

"बिघडवला," ते म्हणाले, "पण सोबत चिठ्ठी धाडली, औषध खराब झालतं, चूक आमची. बाकीच्यांनी लिंब रंगवला आन् वर अल्बम दिला. खोटं बोलणाऱ्यापरीस चुकणारा बरा." डबी त्यांनी शिवली, दोरा मी ओवला.

पाकीट केंद्राच्या पत्त्यावर आलं. केंद्राला कुलूप होतं, म्हणून पोस्टमननं ते माझ्याकडं दिलं. भर दुपारी मी ते वाघमारेंच्या घरी नेलं. त्यांनी हात पुढं केला नाही. वहिनींनी पाकीट फोडलं.

लॅबनं प्रामाणिक काम केलं होतं. जेवढं निघालं तेवढं त्यांनी काढलं होतं. तीन फोटो. करुणा स्पष्ट दिसत होती, एका फोटोत समोरचा दात पडलेला, दोन फोटोंत हसताना ओठ दाबून धरलेले. पण इतक्या वर्षांनी रोलमधला रंगच गेला होता. आभाळ तांबडं, भिंत तांबडी, पोरीचा चेहरा तांबूस, आणि फ्रॉक विटकरी. निळा नाही, हिरवाही नाही.

वाघमारेंनी एकेक फोटो दारातल्या उजेडात धरून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "हिरवा असंल. तुझंच खरं व्हतं."

वहिनींना बरं वाटेल असं मला वाटलं. त्या उलट संतापल्या.

"आताच कावून माझं खरं झालं?"

"मला आठवंना गेलंय, शांता."

"मला तरी कुठं आठवतंय? कवाच इसरले मी."

"मग इतकी वरसं भांडत कावून व्हतीस?"

वहिनींनी फोटो मांडीवर घेतला. "दुसऱ्या कशानं तुमी तिचा इषय काढता का या घरात? तेवढ्या फ्राकावरून तरी बोलत व्हता. आता तेबी मिटवता."

मी बघू नये असं काहीतरी बघत होतो. मी उठलो. चपला घालत असताना आतून वहिनींचा आवाज आला, "निळा म्हणा."

मी दुसरी चप्पल पायात सरकवली.

"निळा व्हता," वाघमारे म्हणाले.

"हिरवा," वहिनी रडत रडत म्हणाल्या. "निळा संपलता दुकानात."