नाय म्हाराजा!

“सरलाकाकी, माझे तिसरे खंय?”

देवबागला सरलाकाकीच्या घरात भाड्याने राहणारी डॉक्टर गौरजा मागच्या पडवीत उभी राहून ओरडली. बादलीच गायब! बादलीत खाडीतले चाळीस जिवंत तिसरे, प्रत्येकाच्या शिंपल्यावर लाल नेलपॉलिशने नंबर. खाडीचं पाणी गोडं-खारं होतं तसे हे जीव किती वाढतात, यावर बाईंचं दोन वर्षांचं संशोधन. दर महिन्याला वजन करायचं आणि परत खाडीतल्या जाळीत ठेवायचे. आज वजनं झाली, वही ठेवायला ती आत गेली, तेवढ्यात हे.

“शेजारच्या गंगारामाक दिले,” घरमालकीण शांतपणे म्हणाली. “आज सोमवार, न्हय गो? घरात मासळी कशी ठेवतलंय? तेंच्याकडे सोमवार नाय.”

“अगो काकी, शिजवल्यानी तर मेलंय मी!”

गौरजा अनवाणीच पळाली. गंगारामाच्या दारात त्याची मुलगी रिया नारळ सोलत होती.

“शिजवूक नाय,” रिया म्हणाली. “तांबडे आकडे बघून आई घाबारली. म्हणता, कोणीतरी करणी केल्यानी. बाबा ते खाडीत सोडूक गेले.”

गौरजाचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर आला. एकदा मोकळे सुटले की ते सापडणार थोडेच!

काठावर गंगाराम हातात नारळ धरून उभा, पायाशी बादली, शेजारी त्याची बायको सुगंधा हात जोडून. देवाला घालायचं गाऱ्हाणं सुरू झालेलं. ते मध्ये तोडायचं नसतं, हे कोकणातल्याच वालावलच्या गौरजाला कुणी सांगायला नको होतं. ती धापा टाकत थांबली.

“बा देवा म्हाराजा! ज्या कोणी ह्या तिसऱ्यांवर तांबडा लावल्यान, तेची वाट लाव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सुगंधा म्हणाली.

“नाय म्हाराजा!” गौरजा किंचाळली.

गंगारामाच्या हातातला नारळ पडता पडता राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या गाऱ्हाण्याला कुणी ‘नाय’ म्हटलं नव्हतं. गौरजाने रडत-हसत सगळं सांगितलं आणि तिथेच बसून बादलीतले तिसरे मोजले. चाळीस! तिला इतकं हायसं वाटलं की तिने सुगंधालाच मिठी मारली.

“तां ठीक आसा,” गंगाराम डोकं खाजवत म्हणाला. “पण एक ‘व्हय’, एक ‘नाय’. देव गोंधळतलो. आधीचा परत घेवचा लागतला. तुझा काय अडलाहा, सांग.”

“सतरा नंबराचा वजन घटलाहा.”

त्याने पुन्हा नारळ उचलला. “बा देवा म्हाराजा! मगाशी बोललंय ता इसरान जा, ह्या चेडवाचा संशोधन पुरा कर, आणि सतरा नंबराक वजन चढांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज गौरजाचा होता.

पुढच्या महिन्यात सतरा नंबर चांगला भरला. वहीत ‘कारण’ असा रकाना होता. गौरजाने बराच वेळ पेन हातात धरलं आणि तो कोराच सोडला.