मोठ्या टायरांची मोहीम आणि दोन आसांचा तह

आधी नमन त्या ग्रीसला, जे सर्व सांध्यांत वास करते आणि कपड्यास लागले असता जन्मात निघत नाही. मग नमन त्या दहा नंबरी पान्यास, जो गरजेच्या वेळी हटकून सापडत नाही. थोरल्या बाईसाहेबांची, म्हणजे थोरल्या जावयांच्या कुटुंबाची, आज्ञा जाहली की, बाबांच्या गाडीपायी दोन्ही जावयांनी जो पराक्रम केला तो लिहून ठेवावा, नाहीतर पुढे दोघेही आपापल्या सोयीने सांगतील. त्यास आज्ञा शिरसावंद्य मानून, कोणाची भीडमुर्वत न धरता, पदरचे तिखटमीठ न लावता, लावलेच तर चवीपुरते, ही हकीकत लिहिली आहे.

सासरेबुवा म्हणजे रानातल्या टेकडीवरच्या टेहळणी मनोऱ्याचे पहारेकरी. उभी नोकरी त्यांनी त्या मनोऱ्यावर बसून वणवा कोठे लागतो ते पाहिले, आणि धूर दिसताच खाली वर्दी दिली, आणि असंख्य झाडांचे प्राण राखिले. उन्हाळाभर स्वारीचा मुक्काम वरच असे, आणि खाली घराचा कारभार सासूबाई एकट्या हाकीत. दोन मुली, त्यांच्या शाळा, गळके छप्पर आणि शेजारणीशी चाललेले जुने युद्ध, सगळे त्यांच्या शिरी. म्हणोन सासूबाईंचा एक ठरीव टोमणा होता की, हे वर हवा खात बसले आणि मी खाली धुणी धूत बसले. सासरेबुवा यावर कधी बोलले नाहीत. नोकरी संपल्यावर त्यांनी खात्याची जुनी, चारी चाकांनी ओढणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी लिलावात घेतली, चढावर चिकटून राहते म्हणून तिचे नाव घोरपड पडले, आणि पुढे गुडघे गेले तेव्हा ती दोन्ही जावयांस निम्मी निम्मी बहाल केली. एक गाडी दोन साडूंस देणे हे शहाणपण की भोळेपण, याचा निवाडा वाचणारांनी शेवटी करावा.

थोरले जावई दंतवैद्य. स्वभाव सावध, आवाज मऊ, आणि कोणतेही काम ‘थोडंसं दुखेल’ असे म्हटल्यावाचून हाती घेत नसत. धाकटे जावई चष्म्याच्या दुकानाचे धनी. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे बदलीत ‘आता बरं दिसतं की मघाशी?’ असे विचारण्यात हयात गेल्यामुळे पॉइंटाचे आकडे त्यांच्या हातचा मळ. एरवी दोघांचे बोलणे साखरेत घोळलेले, साडूभाऊ इकडे आणि साडूभाऊ तिकडे. परंतु घोरपडीचा विषय निघाला की दोन्हीकडून हात म्यानावर जात.

ऐसे असता खबर आली की, टेकडीवरचा मनोरा जुना जाहला, सबब पुढील महिन्यात तो पाडून तेथे कॅमेऱ्याचा खांब उभा करणार. सासरेबुवांनी जेवता जेवता खबर ऐकली आणि इतकेच बोलले की, एकदा वर जाऊन आलो असतो. आजवर त्यांनी जावयांपाशी काही मागितले नव्हते. मग काय विचारता, दोघेही जावई हातातला घास टाकून उठले आणि सुट्टीचा दिवस धरून त्यांस घेऊन निघाले. परंतु पावसाने वाट पार खचली होती, दगड वर आले होते, आणि पहिल्याच चढावर घोरपडीचे पोट दगडावर टेकले आणि चारी चाके अधांतरी फिरू लागली. तेव्हा मसलत ठरली की टायर मोठे घालावे. एकोणतीस इंची गेले आणि तेहतीस इंची आले, आणि गाडी उंच, रुबाबदार दिसू लागली, आणि धाकटे जावई काही काम नसता गल्लीतून दोन फेऱ्या मारून आले.

मग पुन्हा चढाई जाहली. या खेपेस पोट घासले नाही, दगड मुकाट पायाखाली गेले, आणि सर्वांच्या मुखावर फत्तेचा रंग चढला तोच तिसऱ्या वळणावर इंजिनाचा दम उखडला. पहिला गिअर घालून पाहिला, पाय दाबून पाहिला, शिव्या ओठांशी अडवून धरल्या. घोरपड थरथरली, काळा धूर सोडला आणि जागीच बसली. नाइलाजे उलट्या पावली, म्हणजे रिव्हर्समध्ये, वळणे मोजीत खाली येणे आले. सासरेबुवा मागच्या सीटवर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "असू द्या. इथूनही थोडं दिसतं." तेथून झाडांपलीकडे काहीही दिसत नव्हते. ते शब्द दोघांसही लागले.

आता हे का घडले ते सांगतो. चाक मोठे जाहले की एका फेऱ्यात गाडी अधिक वाट कापते आणि तितकाच इंजिनावर भार पडतो. लहान मुलाने बापाची सायकल घेऊन चढ चढावा तसा प्रकार. यास औषध आसाच्या पोटात, ज्यास मिस्त्रीलोक एक्सल म्हणतात. पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांत एक लहान आणि एक मोठे अशी दातेरी चक्रांची जोडी असते. लहानग्याने किती फेरे घ्यावे म्हणजे मोठे एकदा फिरेल, त्या आकड्यास रेशो म्हणतात. घोरपडीचा मूळ रेशो चार पॉइंट दहा. आकडा जितका मोठा तितका चढावर जोर अधिक, आणि रस्त्यावर इंजिनाची धावपळही अधिक. टायर वाढले, सबब आकडाही वाढला पाहिजे. धाकट्यांनी कागद ओढून त्रैराशिक मांडले, उत्तर चार पॉइंट सदुसष्ट आले. थोरल्यांनी ताळा पाहिला, सदुसष्टच आले. दोघांचे एकमत जाहले म्हणोन घरात चहा जाहला. मग बाजारात शोध घेता कळले की या गाडीस सदुसष्टाची जोडी कोणी घडवीतच नाही. एक छप्पन्नाची मिळते आणि दुसरी थेट अठ्ठ्याऐंशीची. सारे अरिष्ट त्या मधल्या फटीतून आत शिरले.

थोरले छप्पन्नाच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे की, वर्षातून एकदा टेकडी, बाकी दिवस हमरस्ता. अठ्ठ्याऐंशी घातले तर इंजिन रस्ताभर बोंबलत जाईल. शिवाय अठ्ठ्याऐंशीच्या लहान चक्राचे दात नाजूक, आणि दातांविषयी कोणी आपणांस शिकवू नये. धाकटे अठ्ठ्याऐंशीचे कडवे. त्यांचे म्हणणे की, चढावर बसून राहायचे तर रस्त्यावरच्या शांततेचे लोणचे घालायचे काय. दोन्ही पक्षांनी मोबाइलवर टोपी उलटी घातलेले परमुलखीचे तज्ज्ञ पाहिले, आणि ज्यास जो हवा तो तज्ज्ञ मिळाला. जेवणावर आकडे, चहावर आकडे, फोनवर आकडे; अखेर थोरल्या बाईसाहेबांची मर्जी खप्पा जाहली आणि त्यांनी दोघांस सुनावले, "मग एकानं पुढचं घ्या, एकानं मागचं. माझं डोकं सोडा."

बाईसाहेब वैतागून बोलल्या. परंतु वैतागलेल्या बायकोचे बोलणे शब्दशः घेण्याची चूक जी कोणी शहाणा करीत नाही, ती या दोन शहाण्यांनी मिळून केली आणि तेच फर्मान समजून तह ठरविला. तहाची कलमे येणेप्रमाणे: पुढील आस थोरल्यांचा, त्यात छप्पन्न, मागील आस धाकट्यांचा, त्यात अठ्ठ्याऐंशी, गिअरबॉक्स सामाईक, हॉर्न ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याचा. दोघांनी हात मिळविले, आपापल्या हिश्शाची चक्रे मागविली आणि मोठ्या समाधानाने मिस्त्रींकडे वर्दी देण्यास गेले.

मिस्त्रींस प्रथम हसू आले, मग ठसका लागला, मग पाणी पिऊन ते म्हणाले, "पुढं-मागं एकच आकडा लागतो, डॉक्टर. नाहीतर पुढची चाकं एका चालीनं ओढणार, मागची दुसऱ्या चालीनं, आणि दोन्हींना जोडणारा मधला डबा फुटणार. घरी ठरवून या." त्यांचे स्वतःचे मत विचाराल तर, जुने टायर लावावे आणि म्हाताऱ्यांस टेकडीचा फोटो दाखवावा. ते मत कोणी मनावर घेतले नाही, आणि मिस्त्रींनीही आग्रह धरला नाही.

मग दोन्ही घरी सुतकी शांतता पसरली. साडूभाऊ शब्द बंद पडला. मनोरा पाडावयाचा दिवस जवळ येत चालला, आणि सासरेबुवा गाडीचे काही विचारीत नव्हते, हीच मोठी टोचणी. एके दिवशी थोरले दवाखान्यात एकाची अक्कलदाढ काढीत असता त्यांस ‘इथूनही थोडं दिसतं’ आठवले आणि गहिवर आला. रोग्यास वाटले आपलीच दाढ अवघड. थोरल्यांनी विचार केला की, आकडा माझा राहो की त्यांचा, म्हातारा माणूस वर पोचला पाहिजे. आणि कोणास न सांगता पुढील आसासाठी अठ्ठ्याऐंशीची जोडी मागविली. त्याच सुमारास धाकटे दुकानात भिंग पुशीत असता त्यांसही तेच वाक्य आठवले, आणि त्यांचेही मन विरघळले, आणि त्यांनीही कोणास न सांगता मागील आसासाठी छप्पन्नाची जोडी मागविली. दोघांनीही माघार घेतली, आणि दोघे पुन्हा एकमेकांस चुकले.

गॅरेजात खोकी उघडली तो प्रसंग काय वर्णावा. पुढचे छप्पन्न, मागचे अठ्ठ्याऐंशी, पुढचे अठ्ठ्याऐंशी, मागचे छप्पन्न, अशी चार खोकी बाकावर मांडली आणि दोघे साडू एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग उमज पडली, डोळे भरले, मिठी जाहली. आणि मिठी सुटते तोच नवे युद्ध पेटले. दोन्ही जोड्या पुऱ्या होत्या, कोणतीही घालता येत होती, परंतु थोरले म्हणत तुमचेच अठ्ठ्याऐंशी घालू, धाकटे म्हणत छे, तुमचेच छप्पन्न. पूर्वीच्या भांडणास निदान अंत दिसत होता, या मनधरणीस तोही दिसेना. मिस्त्रींची जागा अडली, मागे गाड्यांची रांग लागली, तेव्हा थोरल्या बाईसाहेब स्वतः रिक्षा करून सासरेबुवांस गॅरेजात घेऊन आल्या आणि निकाल त्यांजवर सोपविला.

सासरेबुवा उलट्या बादलीवर बसले. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले, एक चक्र हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, "हिशेब किती माणसांचा धरलाय?" धाकटे म्हणाले, "तिघांचा, बाबा. तुम्ही आणि आम्ही दोघं." सासरेबुवांनी चक्र खाली ठेवले. "सहा धरा. दोघी पोरी पण येऊ देत. आणि तुमच्या सासूला न्यायचंय. मी काय, मी बघितलंय सगळं. तिनं नाही बघितलेलं."

इतके दिवस दोन आकड्यांवर रण माजले, परंतु मोहीम कोणासाठी हे कोणी विचारलेच नव्हते. सहा माणसांचा भार म्हटल्यावर तंटा उरला नाही. अठ्ठ्याऐंशीवर मोहर उठली.

मग काम सुरू जाहले. चक्रांचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही ते पाहण्यास मिस्त्रींनी त्यांस पिवळा लेप लावून फिरविले, आणि लेप कोठे पुसला ते पाहू लागले. थोरले हे पाहून हरखले, कारण रोग्याच्या तोंडी रंगीत कागद देऊन ‘चावा बघू’ म्हणणे हा त्यांचा नित्याचा धंदा. ते कोट काढून गाडीखाली शिरले आणि एक दात कडेला लागतो असे दोनदा सांगितले. एकदा खरे निघाले, एकदा तो त्यांचा अंगठा होता. पुढे नवी चक्रे मुरावी म्हणोन काही दिवस गाडी गोगलगाईच्या चालीने हिंडविली, आणि मग सोमवार मुक्रर केला, कारण दवाखाना आणि दुकान दोन्ही त्या दिवशी बंद.

निघायच्या वेळी मोहीम अडली ती चादरींपायी. सासूबाईंचा शिरस्ता की सोमवारी चादरी धुवायच्या म्हणजे धुवायच्या, मग टेकडी असो की प्रलय. खाली हॉर्न वाजत राहिला आणि वर गच्चीवर त्या पिळे झटकीत राहिल्या. अखेर स्वारी गाडीत बसली, बसताना टोमणा मारण्यास चुकली नाही, आणि कूच जाहले.

पहिला चढ गेला, दगड गेले, दुसरे वळण गेले. तिसऱ्या वळणावर थोरल्यांनी धाकट्यांचा दंड धरला, आणि सहा माणसे, पाण्याचा कॅन, दोन घडीच्या खुर्च्या आणि सासूबाईंचे मत इतका बोजा घेऊन घोरपड हुंकारत, न थांबता वर चढली. इंजिन बोंबलले खरे, परंतु त्या दिवशी ते कोणास ऐकू आले नाही.

शिडी चढणे सासरेबुवा आणि सासूबाई दोघांसही शक्य नव्हते, म्हणोन मनोऱ्याच्या पायथ्याच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या. सासरेबुवांनी काठी उचलून खाली दाखविले. "तो निळा पत्रा दिसतो का? त्याच्या अलीकडं आपली गच्ची." धाकट्यांनी सोबत आणलेल्या दुर्बिणीची भिंगे पुसून ती सासूबाईंच्या हाती दिली. त्यांनी बराच वेळ शोधले आणि म्हणाल्या, "अगं बाई, वाकडी टाकलीय मी चादर."

"सोमवारी मी इथं उभा असायचो," सासरेबुवा म्हणाले. "चादरी दिसल्या की समजायचं, घरी सगळं ठीक आहे. मग आठवडा निघायचा."

सासूबाईंनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. काढली असती तर सर्वांस दिसले असते, म्हणोन काढली नाही. मग म्हणाल्या, "सांगायचं होतं की. रोज एक धुतली असती." थोरले टायरातली हवा तपासू लागले, धाकटे आपलाच चष्मा पुसू लागले, आणि दोघी मुली आईच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

येणेप्रमाणे टेकडी फत्ते जाहली. आपल्याकडील नुकसान एक आरसा आणि चहाचा एक थर्मास. शत्रूकडील तीन वळणे आणि एक जुना टोमणा, जो त्या दिवसापासून कोणी ऐकला नाही. उरलेली छप्पन्नाची जोडी तहाप्रमाणे निम्मी निम्मी वाटली, पुढची दवाखान्यात आणि मागची चष्म्याच्या दुकानात, दोन्हीकडे दार अडवावयास ठेविली आहे. मनोरा ठरल्या दिवशी पाडला गेला. मजकूर खरा म्हणोन मिस्त्रींनी खाली ग्रीसचा अंगठा उठविला. आणि सासूबाई हल्ली रोज एक चादर धुतात. वरून पाहणारा आता कोणी नाही, तो गच्चीवर त्याच चादरीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेला असतो.