खोबरेल प्यायलेली बंदूक

दसऱ्याला नेमबाजी केंद्राच्या बंदुकीत खोबरेल ओतायला लावणारे साहेब, रतनचं वर्ष तुम्ही खाल्लंत. हे तुमच्या तोंडावर सांगायला कुणी आलं नाही, कारण तुमच्या केबिनबाहेर भेटीची वेळ लिहिलेली असते आणि नेमके त्याच वेळी तुम्ही चहाला गेलेले असता.

साल सत्याऐंशी, गाव कल्याण. रतन खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, मासळी विकणाऱ्या मनुबाईची लेक. हिचा नेम असा की बघणाऱ्याने गप्प बसावं. दिवाळीनंतर ठाण्याला जिल्हा संघाची निवड होती आणि वयाच्या नियमात बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष. एवढ्या मोठ्या केंद्रात बंदूक एकच: स्प्रिंगची, छऱ्याची, वर दुर्बीण. ती दसऱ्यापर्यंत गुणी होती.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाली. केंद्रप्रमुख साहेबांनी दुर्बिणीच्या काचेला हळदकुंकू वाहिलं, दस्त्याला झेंडूची माळ घातली आणि "यंत्र आहे, कोरडं ठेवू नये," असा विचार मांडून वाटीभर खोबरेल नळीत रिचवायला लावलं.

दुसऱ्या दिवशी रतनने घोडा दाबला. फाड्‌कन बार झाला, धूर निघाला, हॉलभर भजी तळल्याचा वास सुटला. बंदूक आधी मागे आली, मग पुढे गेली, आणि दुर्बीण जागची सरकून रतनच्या भुवईवर बसली. छर्रा समोरच्या कागदावरच्या गोलाच्या वर वीतभर, भिंतीत.

"वा! आता कशी खरी बंदूक वाटते!" साहेब खूश.

"सर, आत तेल पेट घेतंय. त्या हिसक्याने दुर्बिणीचा पुढचा स्क्रू ढिला झालाय. ती खाली बघते नि नळी वर बघते. तेल पुसूया, स्क्रू आवळूया. नाहीतर दुर्बीण काढा, मी नळीच्या टोकावरच्या माशीने, त्या लोखंडी खुंटीने, नेम धरून मारते."

"दुर्बीण काढा? अगं, तिचं उद्घाटन झालंय. काढली तर उद्घाटन कशाचं झालं होतं, असा प्रश्न वरून येईल."

"निदान स्क्रू?"

"पूजा झालेल्या शस्त्राला पाना लावायचा? आणि लावायचाच तर आधी दोष सिद्ध व्हायला नको?"

दोष सिद्ध करायला समिती नेमली. समितीने बंदूक बघितली, माळ बघितली, प्रसाद खाल्ला आणि निष्कर्ष काढला की बंदूक निर्दोष असून नेमबाजाच्या डोळ्यांची तपासणी व्हावी. रतन सरकारी दवाखान्यात गेली. डोळे ठणठणीत निघाले. घरी मनुबाईने कोयता पाटावर आपटला. "अगो, तुजा डोला बरा हाय. फिरलाय तो त्यांचाच!"

आता बंदूक निर्दोष, डोळा निर्दोष. म्हणजे उरला तो गोल. समितीने गोल वीतभर वर सरकवला. पण प्रत्येक बाराला स्क्रू आणखी ढिला होत होता. छर्रे पुढच्या आठवड्यात घड्याळावर गेले, मग पंख्यावर, मग थेट छतावर. गोल प्रामाणिकपणे मागोमाग चढत राहिला. शेवटी छताला कागद टिकेना, तेव्हा साहेबांनी मधु पेंटरला शिडीसकट कायम नेमलं. छर्रा आधी लागायचा, मग मधु त्याच्याभोवती गोल रंगवायचा.

"मधुभाऊ, हे तुम्हाला पटतं?" रतनने खालून विचारलं.

"पटायचं काय त्यात? मी एवढ्या पाट्या रंगवल्या, पण हितं माझा एकपण गोल चुकला नाही. बाजूला हो, रंग पडंल."

केंद्राचा निकाल शंभर टक्के लागला. मारायचा कंटाळा येऊन खिडकीतून बाहेर बघत घोडा दाबणाऱ्यालाही दहापैकी दहा. 'आदर्श केंद्र' म्हणून सत्कार झाला, शाल आली, पेढे वाटले गेले. रतनला पैकीच्या पैकी गुण होते, आणि साऱ्या हॉलमध्ये रडत होती ती एकटी.

ठाण्याला निवड झाली ती प्रत्येक केंद्राच्या स्वतःच्या बंदुकीवर. तिथला गोल छापील होता आणि जागचा हलत नव्हता. रतनने सगळ्यांदेखत दुर्बीण उतरवून टेबलावर ठेवली, नळीतून फडकं ओढलं, दस्त्याचे स्क्रू आवळले. सरावाचे छर्रे धुरात गेले, तेल जळून संपलं. मग तिने श्वास रोखला आणि नळीवरच्या माशीने नेम धरून मारायला लागली. दहा. दहा. नऊ. दहा. कागदाच्या मधोमध एकच भोक रुंदावत गेलं.

परीक्षकांनी तिची केंद्राची कामगिरी मागवली, भोकाकडे पाहिलं आणि निर्णय दिला: "उमेदवाराचे प्रमाणित कौशल्य छतावरचे आहे. कागदावरील कामगिरी तिच्या पूर्वीच्या कामगिरीशी विसंगत असल्याने संशयास्पद. शिवाय उद्घाटन झालेली दुर्बीण विनापरवाना उतरवली. सबब, बाद."

"अहो, पण भोक मधोमध आहे ना! बोट घालून बघा!"

"भोकाला कोण विचारतं, बाळ? गोल कुणी काढला ते महत्त्वाचं."

पुढच्या वर्षी रतन वयात बसणार नव्हती. आमच्या साहेबांना मात्र ठाण्यानेच बोलावून घेतलं, ही पद्धत जिल्हाभर लावायला. मधुही शिडी घेऊन गेला.

आता तुम्ही. हो, वाचणारे तुम्हीच. इकडेतिकडे काय बघता? सत्काराला तुम्ही होता. मान वर करून छत बघत होता, तोंडात पेढा होता. भोक आधी पडतं आणि गोल मागून येतो, हे तुमच्या डोळ्यांसमोर झालं, वरून ओला रंग तुमच्या सदऱ्यावर ठिबकला, तरी तुम्ही टाळ्या वाजवल्यात. साहेबांना विचारून रतन थकली. आता ती तुम्हाला विचारते: टाळीसाठी दोन्ही हात उचललेत, मग त्या छताकडे दाखवायला एक बोट का नाही उचललंत?

पेढा गिळा आणि बोला.